वीतभर अंतरासाठी परवानगी कोणाची?

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी ॲमेझॉननं किंडल या आपल्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या ग्राहकांची एक जुनी सोय काढून घेतली. विकत घेतलेलं ई-पुस्तक संकेतस्थळावरून आपल्या संगणकावर उतरवायचं आणि केबल लावून किंडलमध्ये टाकायचं, अशी ती सोय होती. तेव्हापासून आपल्या वाचकांमध्येही ई-पुस्तकांच्या कुलपावरून, म्हणजे फाइलीची नक्कल होऊ न देणाऱ्या डिजिटल बंधनावरून, वाद पेटला आहे, आणि तो चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, कुलूप नसेल तर चोरी होईल आणि लेखक उपाशी मरेल. दुसरी म्हणते, पैसे मोजलेत, वस्तू माझी, फोडा कुलूप. दोन्ही बाजू बोलतात ते दुकानातून घेतलेल्या पुस्तकाबद्दल. पण माझ्या फोनमध्ये माझा स्वतःचा कागद आहे, मी लिहिलेला, कोणी विश्वासानं मला पाठवलेला, किंवा सरकारनं सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला. तो शेजारी ठेवलेल्या ई-पेपरच्या, म्हणजे किंडलसारख्या कागदासारखा पडदा असलेल्या, यंत्रावर न्यायला मला कोणाची परवानगी लागावी?

माझं उत्तर सरळ आहे: कोणाचीच लागू नये. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर माझा कागद थेट जाता आला पाहिजे, खातं न उघडता, इंटरनेट नसताना. आणि त्यावर मी केलेल्या खुणांसकट तो परत बाहेर काढता आला पाहिजे. विकलेल्या पुस्तकाला कुलूप असावं की नसावं हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्यावर माझं मत काहीही असो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बदलत नाही. या दोन प्रश्नांची गाठ कोणी मारली आणि ती कोणाच्या सोयीची आहे, हे आधी पाहायला हवं.

मी मुद्रितशोधन करते. वीस वर्षं प्रूफं तपासून डोळे थकले, म्हणून ई-पेपरचं दहा इंची यंत्र घेतलं. त्याचा पडदा कागदासारखा शांत आहे, पेनानं समासात खूण करता येते, दिवसभर वाचलं तरी डोकं चढत नाही. मागच्या गणपतीत गावी होते, राजापूर तालुक्यात. आमच्या घरामागे डोंगर आहे, रेंज मिळते ती फक्त वरच्या कातळाच्या पठारावर, सड्यावर. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा योगायोगानं मी सड्यावरच होते. दोन फर्म्यांचा मजकूर त्यांनी वर्डच्या फाइलीत व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो उतरवून घेतला आणि घरी येऊन ओटीवर बसले. एका मांडीवर फोन, दुसऱ्या मांडीवर यंत्र, मधे वीतभर अंतर. केबल लावली. फोन यंत्राला चार्ज करू लागला, फाइल मात्र जाईना. यंत्रात ब्लूटूथ आहे, पण ते हेडफोनपुरतं. वायफाय आहे, पण ते फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं; फोनचा हॉटस्पॉट दिला तर यंत्रानं इंटरनेट नसल्याची पाटी लावली. शेवटी दोन्ही घेऊन पुन्हा सडा चढले. फाइल परदेशातल्या सर्व्हरवर पाठवली, ती तिथून परत यंत्रावर यायची वाट पाहत कातळावर बसले, आणि खाली उतरले तेव्हा अंधार पडला होता.

खरा घोळ त्यानंतर कळला. सर्व्हरनं फाइल नुसती पोचवली नव्हती, वाटेत तिचं रूप बदललं होतं. मूळ मजकुरातल्या 'दऱ्या' यंत्रावर 'दर्या' झाल्या होत्या. डोंगरातून दिसणारी दरी आणि कोकणातला दर्या यांत काय फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी अशी प्रत कुचकामी असते, कारण समोर दिसलेली चूक लेखकाची, टंकलेखकाची की सर्व्हरची, हेच कळत नाही. मी फोनच्या पडद्यावर मजकूर मोठा करून रात्री दोनपर्यंत तपासला. यंत्र बाजूला पडून होतं.

२००५ च्या आसपास ज्यांनी साधे फोन वापरले त्यांना आठवत असेल. एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर आपण ब्लूटूथनं एकमेकांना गाणी आणि फोटो पाठवायचो. खातं नव्हतं, नेटपॅक नव्हता, समोरच्यानं 'स्वीकारा' म्हटलं की फाइल पोचली. त्या फोनची ताकद आजच्या ई-पेपर यंत्राच्या पासंगालाही पुरणार नाही. तेव्हा जे जमत होतं ते आज जमत नसेल, तर कारण तंत्रज्ञानात शोधून उपयोग नाही. पूर्वी जकात नाक्यावर ट्रक थांबायचा, पण तो बाहेरून गावात माल आणणारा. इथे तर माल माझा, गाडी माझी, आणि दोन्ही माझ्याच ओटीवर.

सगळी यंत्रं एका माळेतली नाहीत, हे आधी सांगायला हवं. कोबोचं यंत्र केबलनं जोडलं की पेनड्राइव्हसारखं उघडतं आणि ईपब ही ई-पुस्तकांची रूढ फाइल आहे तशी घेतं. नॉर्वेच्या रिमार्केबलमध्ये केबल लावून ब्राउझरमध्ये एक ठरावीक अंकी पत्ता टाकला की यंत्राचंच पान उघडतं, त्यावर पीडीएफ ओढून सोडायची. इंटरनेटचा संबंध नाही. किंडललाही केबल अजून चालते. पण २०२४ मध्ये आलेली किंडलं पेनड्राइव्हसारखी उघडत नाहीत, ती एमटीपी नावाच्या पद्धतीनं बोलतात, आणि आयफोनच्या फाइल्स ॲपला ती भाषा कळत नाही. त्याहून बोलकी गोष्ट अशी: ईपब फाइल केबलनं किंडलमध्ये टाकली तर यंत्र ती ओळखतच नाही. तीच फाइल ॲमेझॉनच्या सर्व्हरवरून पाठवली की रूप बदलून येते आणि छान उघडते. २०२२ पासून ही सोय आहे. म्हणजे ईपब वाचण्याजोगी करण्याची विद्या कंपनीकडे आहे, ती यंत्रात न ठेवता नाक्यावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवली आहे. एका कंपनीला केबलचा रस्ता उघडा ठेवता येतो आणि दुसरीला येत नाही, याला अडचण म्हणत नाहीत, निवड म्हणतात.

आता समोरची बाजू. तिच्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा चोरीचा आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही, कारण माझं पोट प्रकाशकांवर चालतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी प्रकाशक घाबरत घाबरत काढतो. पुस्तक बाजारात येऊन महिना होत नाही तोच त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरताना मी पाहिली आहे. ज्या पुस्तकावर मी चार महिने घालवले होते त्याची पीडीएफ मला एका ओळखीच्या बाईंनी कौतुकानं पाठवली, 'हे वाच, फार छान आहे' म्हणून. ते दुखणं मला माहीत आहे. ॲमेझॉननं बंद केलेल्या सोयीतून मिळणाऱ्या फाइलींचं कुलूप जुन्या पद्धतीचं आणि फोडायला सोपं होतं, हेही खरं. कंपनीला त्याची काळजी वाटली असेल तर ती खोटी ठरवण्याचं कारण नाही.

पण त्या टेलिग्रामवरच्या पीडीएफकडे नीट पाहा. पानांच्या कडेला अंगठ्याची सावली दिसते, मधे पुस्तकाच्या शिवणीचा काळा पट्टा दिसतो. ती छापील पुस्तकाचे फोटो काढून बनवलेली असते. कोणत्याही ई-पेपर यंत्राच्या कुलपाचा तिच्याशी संबंध आला नाही आणि येणारही नाही. बरं, ती चोरीची पीडीएफ जर मी ईमेलनं यंत्राकडे पाठवली, तर नाक्यावरचा सर्व्हर ती अडवतो का? नाही. त्याला ती माझी कविता आहे की चोरलेली कादंबरी, याचं सोयरसुतक नाही. फाइल ठरलेल्या वजनात आणि ओळखीच्या पत्त्यावरून आली की ती पुढे जाते. मग चोरीसाठी म्हणून उभा केलेला हा नाका नक्की कोणाला थांबवतो? ज्याच्याकडे रेंज नाही त्याला. ज्याचा कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ नये असा आहे त्याला. चोर त्या रस्त्यानं आरामात जातो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कोणतीही फाइल कुठूनही घेणारं यंत्र धोक्याचं असतं, म्हणून सगळं कंपनीच्या चाळणीतून यावं, असं सांगितलं जातं. धोका खरा आहे; विषारी पीडीएफनं संगणक ताब्यात घेतल्याची उदाहरणं जगभर आहेत. पण जानेवारी २०२१ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी किंडलमधली जी मोठी फट जाहीर केली, ती केबलच्या वाटेवर नव्हती. पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता लावून किंडलच्या ईमेलवर घातक पुस्तक पाठवायचं आणि ते उघडलं की यंत्र हाती घ्यायचं, असा तो मार्ग होता. ॲमेझॉननं फट बुजवली, ते चांगलं केलं. पण जगातल्या कोणालाही दूर बसून ठोठावता येतं ते दार इंटरनेटचं. केबलच्या दाराशी यायला माणसाला माझ्या ओटीवर यावं लागतं. सुरक्षेचाच विचार करायचा तर कोणतं दार आधी बंद करायचं?

आणि सुरक्षित कोणासाठी? तालुक्याच्या कोर्टातला वकील अशिलाची कागदपत्रं ई-पेपरवर वाचतो, तेव्हा ती दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर ठेवायला अशिलानं त्याला सांगितलेलं नसतं. डॉक्टरकडचा रुग्णाचा अहवाल, पत्रकाराकडची नाव न सांगणाऱ्या माणसाची टिपणं, माझ्याकडे येणारं अप्रकाशित हस्तलिखित, या सगळ्यांना तोच प्रश्न लागू होतो. लेखक मला संहिता देतो ती माझ्यावरच्या विश्वासानं. त्या विश्वासात तिसरा भागीदार घेण्याचा अधिकार मला कोणी दिला?

इथे मला आपल्याच वाङ्मयातलं एक कुलूप आठवतं. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ अनधिकारी हातांत पडू नयेत, त्यात भेसळ होऊ नये, ही त्यामागची काळजी होती, आणि त्या काळाचा विचार करता ती समजण्यासारखी आहे. परिणाम काय झाला? म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकातलं मराठी गद्य, पंथाबाहेरच्या मराठी समाजाला शतकानुशतकं ठाऊकच नव्हतं. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीनं त्या लिपीची उकल पंथाबाहेर आली आणि मराठीच्या इतिहासाचा पहिला अध्याय नव्यानं लिहावा लागला. आपली भाषा एवढी जुनी आणि एवढी समर्थ होती, हे आपल्यालाच इतक्या उशिरा कळलं.

तरीही त्या कुलपात आणि आजच्या कुलपात मोठा फरक आहे, आणि तो महानुभावांच्या बाजूचा आहे. त्यांनी कुलूप स्वतःच्या ग्रंथांना घातलं. किल्ली माणसांच्या डोक्यात होती, गुरूकडून शिष्याकडे जात होती. हातानं उतरवलेली प्रत्येक पोथी पूर्ण होती. एक मठ उजाड झाला तरी दुसऱ्या मठातली पोथी उघडता येत होती. म्हणूनच इतक्या वर्षांनी उकल करायला काहीतरी शिल्लक राहिलं. ई-पेपरच्या बंद यंत्रात किल्ली सर्व्हरवर असते. सर्व्हर बंद झाला की शिष्यही नाही आणि पोथीही नाही.

हे भविष्यातलं भय नाही. सोनीनं २००४ मध्ये जपानात लिब्रिए नावाचं ई-पेपरचं यंत्र आणलं, त्यावरची पुस्तकं साठ दिवसांनी आपोआप बंद व्हायची. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी काढलेल्या टिपा त्यामुळे निरर्थक झाल्या. ज्या ओळींवर त्या होत्या त्या ओळीच गेल्या होत्या. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, खटल्यात तडजोड झाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, पैसे परत दिले, पुस्तकं नाहीशी झाली. ३० जून २०२३ ला चीनमधलं किंडलचं दुकान बंद झालं आणि घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला वर्षभराची मुदत मिळाली. एवढ्या मोठ्या देशातून कंपनी उठून जाऊ शकते, तर मराठीच्या बाजारासाठी ती किती दिवस थांबेल, याचा विचार आपण केला आहे का?

मराठीचा प्रश्न इंग्रजीपेक्षा वेगळा आहे आणि या वादात तो कोणी मांडतच नाही. इंग्रजी वाचकाला हवं ते बहुतेक दुकानात मिळतं. स्वतःची फाइल यंत्रावर टाकणं ही त्याच्यासाठी अधूनमधूनची आडवाट आहे. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, यंत्र जगात येऊन नऊ वर्षं झाल्यावर. आणि आजही मराठीत वाचण्याजोगं जे आहे त्यातलं कितीतरी दुकानाबाहेर आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली शेकडो पुस्तकं फुकट पीडीएफ म्हणून ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तशीच मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं मराठी पुस्तकं ईमेलनं आणि फोनवर पाठवत आलं आहे. शासन निर्णय, ग्रामपंचायतीचा ठराव, मित्रानं पाठवलेला दिवाळी अंक, सगळं फोनवर पीडीएफ होऊन येतं. म्हणजे मराठी वाचकासाठी फोनवरून ई-पेपरवर फाइल नेणं हा हमरस्ता आहे, आणि नाका नेमका हमरस्त्यावर बसवलाय.

त्या नाक्यावरची मोडतोडही आपल्याच वाट्याला येते. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना अक्षरं सारखीच ओळखू येण्याची पद्धत, रुळण्याआधीची हजारो मराठी पुस्तकं श्री-लिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. त्यांची पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण आतला मजकूर यंत्राला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल वाटतो. ती पीडीएफ आहे तशी यंत्रावर गेली तर वाचता येते. सर्व्हरनं तिचा मजकूर काढून नव्यानं मांडला की पानभर कचरा उमटतो. माणसानं स्वतः, आपल्या संगणकावर बसून, हवं तसं रूपांतर करावं यासाठी कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. भारतीय वंशाच्या कोविद गोयल यांनी सोनीच्या एका वाचन-यंत्रासाठी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, कारण कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांच्या संगणकावर चालत नव्हतं. एका माणसाच्या त्या गरजेतून जगभरच्या वाचकांची सोय झाली. पण कॅलिबरलाही यंत्रात शिरायला दार लागतं.

किमतीचा मुद्दा उरतो. २०१२ मध्ये बेझोस यांनी बीबीसीला सांगितलं होतं की किंडलची यंत्रं ते बनवण्याच्या खर्चातच विकतात, कमाई पुढे पुस्तकांवर होते. मग स्वस्त यंत्र घेणाऱ्यानं दुकानाची अट मानायला नको का? दुकानातल्या पुस्तकांपुरती मानावी. माझ्या कागदाचा त्या हिशोबाशी काय संबंध? मी केबलनं फाइल टाकली तर कंपनीला एक पैसा खर्च येत नाही; तीच फाइल सर्व्हरवरून गेली तर साठवणुकीचा, रूपांतराचा, पाठवण्याचा खर्च तिच्याच अंगावर पडतो. स्वतःच्या खर्चानं कंपनी हा नाका चालवते, तो मला खात्याला बांधून ठेवण्यासाठी, याखेरीज दुसरा अर्थ मला लागत नाही. शिवाय माझं यंत्र स्वस्तही नव्हतं.

'पटत नसेल तर घेऊ नका', हे वाक्य या वादात सगळ्यात जास्त ऐकू येतं. घेताना कळलं तर ना! खोक्यावर पडद्याचा आकार लिहिलेला असतो, बॅटरी किती आठवडे टिकते ते लिहिलेलं असतं. 'खात्याशिवाय आणि इंटरनेटशिवाय यात फाइल घालता येत नाही' असं मी एकाही खोक्यावर वाचलेलं नाही. आणि घेतल्यावर सोय काढून घेतली तर? २०२५ मध्ये ज्यांची सोय गेली त्यांनी यंत्र घेतलं तेव्हा ती होती.

कायद्यानं यात हात घालावा का, असं विचारणाऱ्यांना मी चार्जरचं उदाहरण देते. दर कंपनीचा वेगळा चार्जर हीसुद्धा 'बाजाराची निवड' मानली जात होती. युरोपीय संघानं नियम केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांना यूएसबी-सी सक्तीचं झालं. त्या यादीत ई-रीडरही नावानिशी आहेत. म्हणजे वीज कोणत्या भोकातून आत जाईल हे कायदा ठरवू शकला. त्याच भोकातून, त्याच केबलनं माझा कागद आत गेला पाहिजे, एवढंच पुढचं पाऊल आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं आणि मोबाईल-इलेक्ट्रॉनिक वस्तू तिच्या विषयांत होत्या. वस्तू विकल्यावरही तिच्यावरचा ताबा सोडायचा नाही, या कंपन्यांच्या सवयीला तिथे प्रश्न विचारला गेला. फाइलीचा रस्ता त्याच प्रश्नाचा भाग आहे.

आपला कॉपीराइट कायदाही या बाबतीत शहाणा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्यानं ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप ओलांडणं गुन्हा ठरत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप ओलांडण्यालाच मुळात मनाई आहे आणि सवलती दर तीन वर्षांनी मागाव्या लागतात. आपल्या संसदेनं चोर आणि वाचक यांच्यात फरक केला. तो फरक यंत्रातही दिसावा, अशी मागणी करायला आपण लाजू नये.

शेवटचा मुद्दा सोयीचा, आणि इथे मी घरातलंच उदाहरण देते. माझे आबा एक्क्याऐंशी वर्षांचे, कराडला असतात. त्यांच्या ई-पेपरच्या यंत्रावर माझी न्यू जर्सीतली बहीण संतवाङ्मयाच्या पीडीएफ तिकडून पाठवायची. आबांना काही करावं लागत नसे. सकाळी चहा घेऊन बसले की नवं काहीतरी आलेलं असे. कोणतीही केबल हे सुख देऊ शकत नाही. सर्व्हरवरून पाठवायची सोय बंद करा असं मी म्हणूच शकत नाही, मी स्वतः तिचं कौतुक केलं आहे. फक्त तिच्या शेजारी दुसरा रस्ता हवा होता, आत जाणारा आणि बाहेर येणारा.

कारण यंत्र बहिणीच्या खात्यावर होतं. मागच्या वर्षी तिनं ते खातं बंद करून नवीन उघडलं, आणि यंत्र नव्या खात्याला जोडलं. आबांनी दोन वर्षं त्या पानांच्या समासात पेनानं लिहिलं होतं. कुठल्या ओवीचा अर्थ त्यांच्या आईनं कसा सांगितला होता, कुठल्या शब्दाला आमच्या गावात काय म्हणतात, असं बरंच काही. पीडीएफ पुन्हा पाठवता आल्या. समास कोरे होते. आम्ही कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की जुन्या खात्यावरचा मजकूर परत मिळत नाही.

आबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी शेजारच्या मुलाकडून दोनशे पानी वही आणवली आणि पहिल्या ओवीपासून पुन्हा लिहायला घेतलं. आठवेल तेवढं. मी महिन्यातून एकदा कराडला जाते, तेव्हा नवी पानं फोननं स्कॅन करते आणि घरी येऊन प्रिंट काढून फाइलीला लावते. परवा गेले तेव्हा ते चौतिसाव्या पानावर होते.